नार्व्याची शिळा आणि प्रस्तावनेतील आधार

जीर्णोद्धाराच्या अथवा शतसांवत्सरिक उत्सवाच्या निमित्ताने स्मरणिका काढण्याचा प्रघात आपल्या देवस्थानांतून चांगला रुजला आहे. त्यांतील स्थलेतिहासाच्या प्रस्तावना आम्ही आवडीने वाचतो. परंतु वाचून झाल्यावर बहुधा एकच प्रश्न मागे उरतो, की हे लेखकास कळले कोठून? 'जुन्या कागदपत्रांवरून दिसते' असे लिहिलेले असते. कागद कोणाच्या दप्तरातला, हे मात्र लिहिलेले नसते.

नार्व्याच्या श्रीसप्तकोटीश्वराचेच उदाहरण घेऊ. हे गोव्याच्या कदंबांचे आराध्य दैवत. त्यांच्या बिरुदावलीत आणि नाण्यांवर या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख येतो. दीवाडी बेटावरील त्याचे स्थान बहामनी अमलात उद्ध्वस्त झाले. विजयनगरच्या माधवमंत्र्याने देवांची पुनःस्थापना केल्याचे शके १३१३ (इ. स. १३९१) च्या ताम्रपटावरून कळते. पोर्तुगीज अमलात देवालय पुन्हा पडले आणि लिंग नदीपलीकडे नार्व्यास आले. मधल्या काळात ते विहिरीच्या बांधकामात बसविले होते, असे लोक सांगतात. नाणे, ताम्रपट आणि लोकवार्ता हे तिन्ही आधारच; पण तिघांची जात वेगळी. प्रस्तावनेत तिन्ही एका दमात, एकाच निश्चयाने सांगितले, की वाचकाने कोणावर किती भार टाकावा हे त्यास उमगत नाही.

आता देवळाच्या दारावरील शिलालेख पाहा. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार या दिवशी श्रीशिवराजाकडून देवालयाचा प्रारंभ झाला, एवढाच त्याचा आशय. प्रारंभ! काम पुरे केव्हा झाले, महाराज त्या दिवशी तेथे स्वतः उभे होते काय, याविषयी शिळा मूक आहे. तरी 'इ. स. १६६८ मध्ये महाराजांनी येथे येऊन देऊळ बांधून पूर्ण केले' असे बेधडक लिहिले जाते. एका पुस्तिकेतून ते दुसरीत उतरते, दुसरीतून तिसरीत; आणि मग तीन साक्षीदार झाले असे वाटू लागते, वास्तविक साक्षीदार एकही नसतो. महाराजांची थोरवी या भरीने तिळभरही वाढत नाही. उलट उद्या कोणी शंकेखोर उठला, तर तो चुकीच्या वाक्याबरोबर खऱ्या शिळेलाही खोटे ठरवू पाहील.

राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड काढला, तेव्हा मूळ पत्रे पुढे ठेवून बखरींची आणि ग्रँट डफची विधाने त्यांनी प्रस्तावनेत तपासली. त्यांची सगळीच अनुमाने टिकली नाहीत. पण पत्रे छापलेली असल्यामुळे ती खोडणाऱ्यास साधनही त्यांच्याच हातून मिळाले. आमच्या गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दप्तरखान्यात आयुष्य वेचून पोर्तुगीज कागद उजेडात आणले.

आणि त्या कागदांची एक विलक्षण गोष्ट अशी, की सोळाव्या शतकात देवळे मोडल्यावर त्यांच्या जमिनी ताब्यात घेण्यासाठी पोर्तुगीजांनी ज्या नोंदवह्या लिहिल्या, त्यांतच मोडलेल्या देवळांची नावे राहिली. मोडणाऱ्याच्याच लेखणीने! कोणत्या गावात कोणता देव होता, त्याचे शेत कोणते, हे आज पुष्कळ ठिकाणी तेथेच शोधावे लागते. अशा नोंदीचा आधार घेताना वहीचे नाव, साल आणि पान न देणे हे आम्हांस तरी परवडणारे नाही. या तपशिलास दोन ओळी लागतात. स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीला याहून पुष्कळ जागा मिळते, आणि तीत कोणाचा रुपया कोणाच्या नावावर गेला तर केवढा गहजब होतो!

वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली कथा गाळावी, असे आमचे म्हणणे नाही. सांगणारा कोण, कोणत्या गावचा, कोणत्या साली सांगितले, एवढे तिच्याखाली लिहावे. शिलालेख असेल तर त्याची अक्षरे आहेत तशी आधी द्यावीत, झिजलेल्या जागी टिंबे ठेवावीत, आणि आपला अर्थ त्यानंतर मांडावा.