चिमूटभर यीस्ट आणि ब्रेडचा कायदा

मी इंग्लंडात राहतो. मागच्या सप्टेंबरात इथल्या एका गावच्या प्रदर्शनात मी घरी केलेला सावरडो ब्रेड ठेवला. सावरडो म्हणजे पीठ-पाणी आंबवून केलेल्या विरजणावर फुगवलेला ब्रेड. बाजारचं यीस्ट घालायचं नाही, असा स्पर्धेचा नियम. आदल्या रात्री गारठा पडला, पीठ फुगेना. घाबरून ५०० ग्रॅम पिठात चिमूटभर यीस्ट टाकलंच. सोबत घटक लिहून द्यायचे होते, ते मात्र खरे लिहिले.

परीक्षक बाईंनी ब्रेड कापला, वास घेतला, चिठ्ठी वाचली आणि कार्डावर तीन अक्षरं लिहिली : एनएएस. म्हणजे 'नॉट ॲज शेड्यूल', नियमात बसत नाही. बाद!

चरफडत निघालो. वाटेत एका दुकानात 'सावरडो' लिहिलेला ब्रेड उलटून पाहिला, तर घटकांत यीस्ट. तो बाद नाही, तो विक्रीला! कारण ब्रिटनमध्ये या शब्दाला कायदेशीर व्याख्याच नाही.

आणि हाच देश एकेकाळी ब्रेडच्या बाबतीत केवढा कडक होता! तेराव्या शतकात इथे धान्याच्या भावावरून ब्रेडचं वजन कायद्याने ठरायचं. पुढे शहरं वाढली आणि ब्रेड पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात तुरटी पडू लागली. १८२० मध्ये फ्रेडरिक ॲकम या रसायनतज्ज्ञाने भेसळीवर पुस्तक लिहून खळबळ उडवली. १८५० च्या दशकात डॉ. आर्थर हॅसल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली नमुने तपासले आणि 'लॅन्सेट'ने दुकानदारांची नावं-पत्ते सरळ छापले. त्यानंतर कुठे १८६० मध्ये भेसळविरोधी पहिला सर्वसाधारण कायदा आला, १८७५ मध्ये तो कडक झाला.

मग १९६१. चॉर्लीवुडच्या संशोधन केंद्रात नवी पद्धत निघाली. जोरदार यंत्राने काही मिनिटांत पीठ मळायचं, तासन्‌तास आंबवणं टाळायचं. आज ब्रिटनमधला बहुतांश ब्रेड असाच होतो. स्वस्त, मऊ ब्रेड घरोघरी पोचला, हे मान्य करायलाच हवं. पण ब्रेडमधला वेळ गेला. आता लोकांना तोच वेळ परत हवाय, म्हणून 'सावरडो' या शब्दाला भाव आलाय.

फ्रान्सने १९९३ मध्ये हुकूम काढून विरजणाच्या ब्रेडची व्याख्याच लिहून टाकली. आंबटपणा किती हवा, तेही त्यात आहे. यीस्ट? पिठाच्या ०.२ टक्क्यांपर्यंत चालतं. म्हणजे माझ्या ५०० ग्रॅमला १ ग्रॅम. माझी चिमूट तिथे कदाचित खपून गेली असती!

मुद्दा यीस्ट चांगलं की वाईट, हा नाहीच. गावच्या तंबूतला नियम कडक, फ्रान्सचा थोडा सैल. पण दोन्हीकडे तो लिहिलेला आहे, आणि लिहिलेल्या नियमावर बोट ठेवता येतं. दोनशे वर्षांपूर्वी फसवणूक तुरटीने व्हायची, आता ती शब्दानेही होऊ शकते.

आपल्याकडेही 'गावरान', 'घरगुती' हे शब्द पाकिटांवर सर्रास असतात. ते नेमकं कोणी आणि कशावरून ठरवलं, हे आपण दुकानदाराला कधी विचारतो का?

असो. यंदा पुन्हा भाग घेतोय. विरजण तेच, चिमूट नाही.