सॉकेट कॉलबॅक

संगणकाच्या परिचालन प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. जाळ्यावरील संदेशवहन चालू असताना कर्नल ठराविक प्रसंगी बाहेरून पुरविलेल्या आज्ञावलीला पाचारण करतो आणि तिच्या उत्तरानुसार आपले वर्तन ठरवितो. या योजनेस कॉलबॅक असे नाव आहे. सॉकेट म्हणजे दोन आज्ञावलींमधील संपर्काचे एक टोक होय. एरवी आज्ञावली कर्नलला काम सांगते. कॉलबॅकमध्ये हा क्रम उलटा होतो. कर्नलमधील एका चुकीने संपूर्ण संगणक बंद पडू शकतो. त्यामुळे बाहेरच्या आज्ञावलीस तेथे कोणत्या अटींवर प्रवेश द्यावा, हा या विषयाच्या इतिहासातील मूळ प्रश्न आहे.

पूर्वपीठिका : सॉकेटची कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या ४.२ बीएसडी या प्रणालीमुळे रूढ झाली. तीत आज्ञावलीला संपर्काचे काही मोजके पर्याय निवडता येत. त्यांमागील नियम मात्र कर्नलमध्येच बांधलेले असत. १९९२ मध्ये स्टीव्हन मकॅन व व्हॅन जेकबसन यांनी बीएसडी पॅकेट फिल्टर (बीपीएफ) ही पद्धत मांडली. तीत जाळ्यावरून आलेली कोणती पॅकेटे स्वीकारावीत हे ठरविणारी छोटी आज्ञावली कर्नलमध्येच, परंतु मर्यादित कल्पित यंत्रावर चालविली जाई. लिनक्समध्ये २०१४ साली अलेक्सी स्टारोव्हॉइटोव्ह यांच्या कामातून या यंत्राचे विस्तारित रूप आले. आज्ञावली भरण्यापूर्वीच ती स्मृतीच्या सीमा ओलांडत नाही व निश्चित संपते, याची तपासणी करणारा पडताळक हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य होय.

सॉक-ऑप्स : टीसीपी या संदेशवहन-नियमावलीतील अनेक मूल्ये सर्व जगातील संपर्कांसाठी एकच ठरविलेली होती. उदा., संपर्क मागितल्यावर पहिल्या उत्तराची वाट पाहण्याचा काल लिनक्समध्ये १ सेकंद होता. दूरच्या देशाशी संपर्क साधताना तो योग्य असला, तरी एकाच इमारतीतील दोन संगणकांमध्ये उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येते. तेथे तो फारच दीर्घ ठरतो. फेसबुक कंपनीतील लॉरेन्स ब्राक्मो यांनी तयार केलेली सॉक-ऑप्स ही योजना २०१७ मध्ये लिनक्स ४.१३ मध्ये समाविष्ट झाली. तीमुळे अशी मूल्ये संपर्कागणिक ठरविता येऊ लागली. तीत सर्व प्रसंगी एकच आज्ञावली पाचारली जाते व प्रसंग कोणता हे एका क्रमांकावरून कळते. ‘उणे एक’ हे उत्तर मिळाल्यास कर्नल आपले मूळ मूल्य कायम ठेवतो.

पुढे पुनर्प्रेषण, संपर्काची बदलती अवस्था, पॅकेटच्या शीर्षातील पर्याय असे प्रसंग वाढत गेले आणि या रचनेतील दोष उघड झाले. सर्व प्रसंगांसाठी माहितीचा साचा एकच असल्याने त्यातील काही रकाने ठराविक प्रसंगीच अर्थपूर्ण असतात. काही प्रसंगी सॉकेट कुलूपबंद असते, काही प्रसंगी नसते. त्यामुळे एके ठिकाणी निर्धोक असणारी क्रिया दुसरीकडे घातक ठरू शकते. नको असलेल्या पाचारणांचा भार टाळण्यासाठी स्वतंत्र खुणाही ठेवाव्या लागल्या.

स्ट्रक्ट-ऑप्स : यावरील अधिक नेटका उपाय कर्नलच्या जुन्या रचनेतच होता. २००५ साली लिनक्स २.६.१३ मध्ये स्टीव्हन हेमिंगर यांनी टीसीपीच्या गर्दी-नियंत्रणासाठी फंक्शनांचा तक्ता आणला होता. तीत प्रत्येक कामाला स्वतंत्र नाव, स्वतंत्र निविष्टी व ठरलेल्या प्रकारचे उत्तर होते. मात्र तक्ता भरणारी फंक्शने कर्नलचाच भाग असत व त्यांची पूर्वतपासणी होत नसे. मार्टिन काफाय लाउ यांच्या कामातून २०२० मध्ये लिनक्स ५.६ मध्ये आलेल्या स्ट्रक्ट-ऑप्स योजनेने तोच तक्ता बीपीएफ आज्ञावलींनी भरण्याची सोय केली. प्रत्येक फंक्शनाच्या निविष्टींचा प्रकार पडताळकास ज्ञात असतो आणि सॉकेटच्या नेमून दिलेल्या रकान्यांतच बदल करता येतो. २०२४ मध्ये लिनक्स ६.१२ मध्ये आलेली, कामांचा क्रम ठरविणारी शेड-एक्स्ट ही योजनाही याच पायावर उभी आहे.

महत्त्व व मर्यादा : पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात हिंजवडी येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेल्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानासारख्या ठिकाणी काम करणारे अभियंते बहुधा कर्नल लिहीत नाहीत, तर त्यावर चालणाऱ्या सेवा घडवितात व सांभाळतात. पूर्वी संपर्काचा एखादा नियम बदलण्यासाठी त्यांना कर्नलमध्ये फेरबदल करून संगणक पुन्हा सुरू करावा लागे किंवा पुढील आवृत्तीची वाट पाहावी लागे. कॉलबॅकमुळे चालू यंत्रावरच हा बदल शक्य झाला. तथापि बाहेरच्यांसाठी उघडलेला मार्ग कर्नलच्या रचनाकारांनाही बांधून ठेवतो. सॉक-ऑप्सचे क्रमांक व रकाने हा सार्वजनिक करार असल्याने ते मोडता येत नाहीत. उलट स्ट्रक्ट-ऑप्सच्या तक्त्यांबाबत तशी हमी दिलेली नाही. रचना नेटकी ठेवण्याचे स्वातंत्र्य कर्नलच्या रचनाकारांना हवे असते, तर कालची आज्ञावली उद्याही चालेल याची खात्री वापरणाऱ्यांना हवी असते. या दोहोंचा मेळ घालणे हा या क्षेत्रातील अद्याप न सुटलेला प्रश्न आहे.