विंडोज खेळ, लिनक्सवरील : जुन्या संगणकांवरील अडचणी

विंडोजसाठी तयार झालेले खेळ लिनक्सवर, विशेषतः २०१०–१५ या काळातील यंत्रांवर, चालवताना येणाऱ्या अडचणी. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. त्यामुळे जुना लॅपटॉप मोडीत न काढता त्यावर लिनक्स टाकावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. परभणी, सेलू, गंगाखेड अशा गावांत मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी बदलून टाकलेले लॅपटॉप वापरात येतात. त्यांना हा सल्ला नेमका लागू पडतो. टंकलेखन, इंटरनेट, अभ्यास यांसाठी तो रास्तच आहे. खेळांच्या बाबतीत मात्र तो अपुरा पडतो. जुना खेळ आणि जुने यंत्र एकमेकांना साजेसे असतात. त्यांना जोडणारे मधले सॉफ्टवेअर नवे असते आणि त्याच्या अपेक्षाही नव्या असतात.

पार्श्वभूमी : विंडोजचे आदेश लिनक्सला समजतील अशा रूपात बदलणारा ‘वाईन’ हा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला. १९९४ पासून अलेक्झांडर जुलियार त्याचे नेतृत्व करीत आहेत. १.० ही आवृत्ती जून २००८ मध्ये आली. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये वाईनवर आधारलेले ‘प्रोटॉन’ आपल्या स्टीम या खेळविक्री-सेवेत आणले. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ व ८ चा पाठिंबा बंद केला, आणि जुन्या यंत्रांच्या मालकांना लिनक्सकडे वळण्याचे आणखी एक कारण मिळाले.

ग्राफिक्स : अडचणींचे मूळ येथे आहे. विंडोजचे खेळ डायरेक्टथ्रीडी या भाषेत चित्र मागतात. वाईन पूर्वीपासून तिचे रूपांतर ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स-भाषेत करते. २०१८ मध्ये फिलिप रेबोले यांच्या ‘डीएक्सव्हीके’ने हेच काम वल्कन या नव्या ग्राफिक्स-भाषेमार्फत कितीतरी वेगाने करून दाखवले आणि प्रोटॉनने तो मार्ग स्वीकारला. नव्या यंत्रांना त्याचा मोठा लाभ झाला. परंतु वल्कनची पहिली आवृत्तीच फेब्रुवारी २०१६ ची. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या (२०११) प्रोसेसरमधील ग्राफिक्सला लिनक्सवर वल्कन मिळालेच नाही. तिसऱ्या व चौथ्या पिढीला मिळाले ते अर्धवट. अशा लॅपटॉपवर टर्मिनलमधून खेळ सुरू केला, की वल्कनचा पाठिंबा अपूर्ण असल्याची सूचना ड्रायव्हर स्वतःच छापतो. पुढे कधी खेळ चालतो, कधी आवाज येतो पण पडदा काळाच राहतो.

नोव्हेंबर २०२२ मधील डीएक्सव्हीके २.० ने वल्कन १.३ अनिवार्य केले. एनव्हिडियाची केप्लर पिढीची कार्डे ४७० मालिकेच्या ड्रायव्हरवर थांबलेली असून तो १.२ पर्यंतच पोहोचतो. अशा यंत्रांसाठी डीएक्सव्हीके १.१०.३ किंवा प्रोटॉनची ७.० ही जुनी शाखा वापरावी लागते. अन्यथा ओपनजीएलच्या मार्गाकडे परतावे लागते. सेकंडहँड बाजारात विशेष काळजी घ्यावी ती जीटी ७३० या कार्डाबाबत. याच नावाने फर्मी आणि केप्लर अशा दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या गेल्या. फर्मीला वल्कन नाही आणि तिचा ड्रायव्हर (३९०) केव्हाच मागे पडला आहे. खोक्यावरचे नाव पाहून हा फरक कळत नाही.

जुन्या रेडिऑन कार्डांची परिस्थिती काही काळ बरी होती. मेसा या मुक्त ड्रायव्हर-संचातील ‘गॅलियम नाइन’ डायरेक्टथ्रीडी ९ थेट, कोणत्याही रूपांतराविना चालवत असे. वल्कन नसलेल्या कार्डांना यापेक्षा चांगला आधार मिळाला नाही. वापर आणि देखभाल घटल्यामुळे २०२५ मध्ये तो काढून टाकण्यात आला. देखभाल करणाऱ्यांची अडचण खरी असली, तरी याचा फटका दुसरा पर्याय नसलेल्यांनाच बसला, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

लोकप्रिय खेळ : ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ (२००६), ‘जीटीए : व्हाइस सिटी’ (संगणकावर २००३) आणि ‘प्रोजेक्ट आयजीआय’ (२०००) हे खेळ महाराष्ट्रातील सायबर कॅफेंतून एका पिढीने खेळले. क्रिकेट ०७ नंतर ईएने संगणकासाठी क्रिकेटचा नवा खेळ काढला नाही; नवे संघ आणि जर्सी घालणारे हौशी पॅच मात्र येत राहिले. हे पॅच लिनक्सच्या फाइल मॅनेजरने खेळाच्या फोल्डरात टाकले, की वेगळाच घोळ होतो. लिनक्समध्ये इंग्रजी मोठ्या व लहान अक्षरांतील नावे भिन्न मानली जातात. त्यामुळे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी तयार होतात, खेळ त्यांतला एकच वाचतो आणि नवी जर्सी दिसतच नाही. जुन्या सीडींवरील सेफडिस्कसारख्या कॉपी-संरक्षणाचा अनुभव संमिश्र आहे. बाजारातील नकली प्रतींचा प्रश्न येथे विचारात घेतलेला नाही.

डिस्क : विंडोज व लिनक्स एकाच यंत्रावर ठेवणारे बहुधा विंडोजच्या एनटीएफएस विभागातील खेळ दोन्हींकडून चालवू पाहतात. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी कृत्रिम सी ड्राइव्ह बनवते, त्यात विसर्गचिन्हासारखे दोन टिंबांचे चिन्ह असलेले नाव लागते, आणि विंडोजच्या नियमांत असे नाव बसत नाही. खेळ उघडत नाही. कारणही पडद्यावर येत नाही. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास तो विभाग केवळ वाचण्यापुरता उघडतो. खेळ लिनक्सच्या स्वतःच्या विभागात हलवणे हाच खात्रीचा उपाय.

इंटरनेट व उष्णता : प्रोटॉन, त्याची सहायक रनटाइम आणि आधी तयार केलेले शेडर (चित्र रेखाटणारे छोटे प्रोग्राम) मिळून डाउनलोड शेकडो मेगाबाइटांवर जाते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड-दोन जीबीत, खेळ सुरू होण्याआधीच दिवसाचा डेटा संपू शकतो. स्टीमच्या सेटिंगमध्ये शेडरचे पूर्व-डाउनलोड बंद करता येते. मग खेळ सुरुवातीला अडखळतो. परभणीत उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. वाळलेल्या थर्मल पेस्टचा लॅपटॉप तापला, की प्रोसेसर आपला वेग स्वतःहून घटवतो. त्याचा दोष अनेकदा लिनक्सवर ढकलला जातो. पंखा साफ करून नवी पेस्ट लावणे हे कोणतेही सेटिंग बदलण्याआधी करावे.

३२-बिट : जुने खेळ बहुतांशी ३२-बिट. उबुंटू या लिनक्स-वितरणाने २०१९ मध्ये ३२-बिट पॅकेजे बंद करण्याचे जाहीर केले. विरोधानंतर निवडक पॅकेजे ठेवली. वाईन ९.० (जानेवारी २०२४) पासून ३२-बिट पॅकेजांविना चालण्याची सोय विकसित झाली आहे.

ऑनलाइन खेळ : फसवणूक-रोधक सॉफ्टवेअरमुळे ‘व्हॅलोरंट’सारखे काही खेळ लिनक्सवर चालत नाहीत.