निवाडा फुकट, वाट विकत



मी शाळेंत मास्तर असतांना पुस्तकांच्या कपाटांची किल्ली पुष्कळ वर्षें माझ्याकडे होती. एका पावसाळ्यांत पुस्तकांची यादीच भिजून नासली. पुस्तकें जागच्या जागीं होतीं, पण मुलांनीं मागितलेलें पुस्तक वेळेवर हातीं लागेना. तेव्हां मला पटलें कीं, पुस्तक असणें ही एक गोष्ट आणि तें सांपडणें ही दुसरी. ह्या दुसऱ्या गोष्टीसाठीं अमेरिकेंतील कायद्याच्या ग्रंथपालांना मोठी किंमत मोजावी लागते. ती किंमत कशी उत्पन्न झाली आणि ती देण्यापूर्वीं ते काय पारखतात, तें आज सांगावयाचें आहे.

इंग्लंडप्रमाणेंच अमेरिकेंतहि वरिष्ठ न्यायालयाचा मागील निवाडा पुढील खटल्यास आधार होतो. म्हणून जुने निवाडे शोधल्यावांचून वकिलास गत्यंतर नाहीं. हे निवाडे कोणाच्या मालकीचे? व्हीटन व पीटर्स हे तेथील सुप्रीम कोर्टाचे एकामागून एक झालेले निवाडे-संग्राहक. पीटर्सनें व्हीटनच्या खंडांतील मजकूर आपल्या ग्रंथांत घेतला, म्हणून दोघांत दावा लागला. १८३४ सालीं त्याच कोर्टानें सांगितलें कीं, न्यायमूर्तींच्या लेखी निर्णयांवर कोणाहि संग्राहकाचा मालकी हक्क असूं शकत नाहीं. न्यायाचे शब्द सर्वांचे ठरले.

परंतु त्या शब्दांपर्यंत पोहोंचण्याची वाट? खंडांमागून खंड वाढत गेले. एखादा निवाडा पुढें रद्द झाला आहे हें ज्याला ठाऊक नाहीं, तो वकील अशिलाला बुडवितो. ही अडचण ओळखून १८७३ सालीं शिकागोच्या फ्रँक शेपर्डनें डिंक लावलेल्या चिठ्ठ्या विकण्यास काढल्या. कोणत्या निवाड्याचा उल्लेख पुढें कोठें आला, हें त्यांवर छापलेलें असे, व वकील त्या ग्रंथाच्या समासांत चिकटवीत. १८७६ सालीं सेंट पॉल येथें जॉन वेस्टनें निवाडे छापण्याचा धंदा आरंभिला. पुढें त्याच्या मंडळीनें कायद्याच्या मुद्द्यांना क्रमांक देऊन देशभरच्या निवाड्यांची विषयवार लावणी केली. निवाडा फुकट, पण त्याची सूची विकत, ही रीत येथून रूढ झाली.

१९७३ सालीं ओहायो संस्थानांतील मीड डेटा सेंट्रल ह्या कंपनीनें 'लेक्सिस' हा संगणकावरील निवाडेकोश विक्रीस आणला. १९७५ मध्यें वेस्टच्या मंडळीनें 'वेस्टलॉ' काढला. पहिल्यांत निवाड्यांचा मूळ मजकूर होता, दुसऱ्यांत आरंभीं नुसते गोषवारे. वापराच्या वेळेप्रमाणें आकार पडे, म्हणून प्रश्न आधीं कागदावर नीट बेतून मगच यंत्रापुढें बसावें, असा धडा ग्रंथपाल देत.

शब्दन् शब्द शोधतां आला म्हणजे सर्व कांहीं सांपडतें, ही समजूत मात्र खोटी ठरली. ब्लेअर व मॅरन ह्या दोन संशोधकांनीं एका मोठ्या खटल्याचीं सुमारें ४०,००० कागदपत्रें घेऊन अशा शोधाची परीक्षा केली व तिचा निष्कर्ष १९८५ सालीं प्रसिद्ध केला. उपयोगी कागदांपैकीं शेंकडा ७५ तरी आपणांस मिळाले, असें वकील समजत होते. प्रत्यक्षांत मिळाले होते शेंकडा २०. कारण साधें होतें. एक पक्ष ज्याला 'अपघात' म्हणे, त्यालाच दुसरा पक्ष नुसती 'घटना' म्हणे. यंत्राला शब्द दिसत होता, अर्थ दिसत नव्हता.

ह्यानंतर ह्या धंद्यांत प्रचंड पैसा शिरला. १९९६ सालीं वेस्टची कंपनी सुमारें ३४० कोटि डॉलरांस विकली गेली. बाजारभाव कळविणाऱ्या यंत्रांसाठीं प्रसिद्ध असलेली, १९८१ सालीं निघालेली ब्लूमबर्ग कंपनीहि कायद्याच्या क्षेत्रांत उतरली व २०११ सालीं तिनें 'ब्युरो ऑफ नॅशनल अफेअर्स' ही जुनी प्रकाशनसंस्था विकत घेतली. कंपन्यांचे हिशेब आणि कोर्टाचे निवाडे एकाच ठिकाणीं, हें तिचें आकर्षण.

अशी भारी वस्तु दारीं आली म्हणजे जाणता ग्रंथपाल काय करतो? ज्यांचें उत्तर आपणांस ठाऊक आहे असे प्रश्न तो तिला विचारतो. रद्द झालेल्या निवाड्यावर तशी खूण आहे काय, संग्रह कोणत्या सालापासूनचा आहे, त्यांतील किती भाग दुसऱ्या कोशांत आधींच आहे, व आपलीं माणसें तो खरोखर वापरतील काय, हें तो पाहतो. कांहीं करारांत किंमत गुप्त ठेवण्याची अट असते. मग शेजारच्या ग्रंथालयानें काय दिलें, हें कळणेंहि कठीण. आणि सर्वांत कठीण प्रश्न शेवटीं येतो: वर्गणी थांबल्यावर उरतें काय? छापील खंड फळीवर राहतात. कोशाचें दार मात्र सामान्यतः बंद होतें आणि फळी रिकामी.

हा प्रश्न आपणांसहि परका नाहीं. 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे १९१४ पासूनचे खंड आपल्याकडील कित्येक वकिलांच्या कपाटांत दिसत. त्या प्रकाशनाचें ठाणें आपल्या नागपुरास. २००७ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, मूळ निवाडा सर्वांचा, पण संपादकानें स्वतःच्या बुद्धीनें घातलेली भर त्याची. १८३४ चाच धागा हा! २०२३ च्या आरंभीं त्या न्यायालयानें आपले प्रकाशित निवाडे संगणकावर सर्वांस विनामूल्य खुले केले, ही आनंदाची गोष्ट होय.

संपादकाच्या श्रमांचें मोल त्याला मिळालेंच पाहिजे, ह्यांत शंका नाहीं. पण ज्याला तें मोल झेपत नाहीं, त्या गरीब पक्षकारालाहि कायदा तोच लागू होतो, आणि कायदा ठाऊक नव्हता ही सबब कोर्टांत चालत नाहीं. म्हणून कोश पारखणारा ग्रंथपाल केवळ संस्थेचा पैसा राखीत नाहीं. सर्वांच्या मालकीची वस्तु सर्वांच्या हातीं किती पडते, ह्यावरहि त्याचा पहारा असतो. यादी भिजलेल्या कपाटापुढें उभ्या राहिलेल्या मास्तराला त्या पहाऱ्याचें मोल कळतें.