‘टायर’चा पेहराव

दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांच्या बोलण्यातला ‘टायर’ शब्द ऐकून मी कोश उघडला. १५व्या शतकातला हा इंग्रजी शब्द ‘अटायर’, म्हणजे पेहराव, याचा संक्षेप मानतात. टायर म्हणजे चाकावर चढवलेला लोखंडी पोशाख, आपल्याकडची ‘धाव’. १८८८ मध्ये जॉन डनलॉपने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले.

आमच्याकडे रबरी चाकांची अख्खी बैलगाडीच ‘टायर’ झाली आणि तिच्यातून ऊस वाहणारे ‘टायरवाले’ झाले. इंग्रजीत याच उच्चाराचा, पण निराळ्या मुळाचा आणखी एक शब्द आहे. त्याचा अर्थ थकणे. कोशाने वेगळे ठेवलेले हे दोन शब्द, उचल फेडण्यासाठी पहाटेपासून फडात राबणाऱ्या नवरा-बायकोच्या जिण्यात मात्र एक होतात.