खेळातल्या राज्याचे मानकरी

मान मिळावा ही माणसाची इच्छा जुनीच आहे. पण तो कोणाला द्यावा, याची उत्तरे मात्र काळानुरूप बदलत गेली. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने १३४८ च्या सुमारास ‘ऑर्डर ऑफ द गार्टर’ हा सरदारांचा मानाचा संघ स्थापन केला. राजा आणि युवराज धरून त्यात अवघी सव्वीस माणसे होती. बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने १४३० मध्ये ‘गोल्डन फ्लीस’ हा तसाच संघ उभारला. अशा संघांचे दार कुळ आणि तलवार यांनाच उघडत असे. राजवाड्यात मेजवान्या रांधणारे, वस्त्रे विणणारे, पोथ्यांची पाने सोन्याच्या वर्खाने मढवणारे हात त्या दाराबाहेरच राहिले. त्यांतील बहुतेकांची नावेही इतिहासाला ठाऊक नाहीत.

या मध्ययुगाचा खेळ मांडणारी एक संस्था विसाव्या शतकात अमेरिकेत जन्माला आली. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे लेखिका डायना पॅक्सन यांच्या घरामागच्या अंगणात काही मित्रमंडळी जुने पोशाख घालून जमली. त्यांनी लुटुपुटीची द्वंद्वे खेळली आणि शेवटी विसाव्या शतकाचा निषेध म्हणून रस्त्यावरून मिरवणूकही काढली. त्या दिवसापासून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम’ ही संस्था आपली स्वतंत्र कालगणना मोजते. आज तिची वीस ‘राज्ये’ असून ती अमेरिकेपासून युरोप व ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली आहेत.

या राज्यांत राजा जन्माने ठरत नाही. वेताच्या तलवारींनी चिलखत घालून लढल्या जाणाऱ्या स्पर्धेत जो जिंकेल, तो काही महिन्यांपुरता गादीवर बसतो. या लढाईचा एक नियम मोठा लक्षणीय आहे. घाव वर्मी बसला की नाही, हे पंच सांगत नाही. ज्याला घाव बसला त्यानेच ते कबूल करायचे असते. पायावर घाव बसला तर गुडघे टेकून लढायचे, हातावर बसला तर तो हात वापरायचा नाही. म्हणजे इथल्या मानाचा पाया स्वतःच्या खरेपणावर आहे.

सुरुवातीला या खेळातही मोठा मान योद्ध्यालाच होता. पांढरा कमरपट्टा, सोन्याची साखळी आणि टाचेला आरा ही नाइटची खूण ठरली. पण राज्य चालू लागले, तेव्हा एक जुनेच सत्य पुढे आले: केवळ लढवय्यांवर दरबार उभा राहत नाही. कोणी तंबू ठोकतो, कोणी शेकडो पानांसाठी स्वयंपाक करतो, कोणी हिशेब लिहितो. म्हणून कलावंतांसाठी आणि अभ्यासकांसाठी ‘लॉरेल’, तर सेवा करणाऱ्यांसाठी ‘पेलिकन’ असे दोन संघ निघाले. हे दोन्ही नाइटच्या बरोबरीचे मानले जातात. भांडी घासण्यापासून सुरुवात केलेला मनुष्य दरबारात योद्ध्याच्या शेजारी बसू शकतो. अस्सल मध्ययुगात हे घडले नसते.

पेलिकन हे नाव आपल्याला परके वाटू नये. आपली छाती चोचीने फोडून रक्ताने पिलांना जगवणारा पक्षी अशी त्याची जुनी आख्यायिका आहे. ख्रिस्ताच्या आत्मार्पणाचे प्रतीक म्हणून तो अनेक जुन्या चर्चमध्ये कोरलेला आढळतो. संत थॉमस अक्वायनस यांच्या नावावर असलेल्या स्तोत्रातही ही प्रतिमा आली आहे. संस्था स्वतः कोणत्याही धर्माचा पुरस्कार करत नाही. तरी सेवेसाठी चिन्ह निवडताना तिचा हात याच प्रतिमेकडे वळला.

जागरणाचेही तसेच. पूर्वी नाइट होऊ पाहणारा तरुण आदली रात्र प्रार्थनामंदिरात जागवीत असे. आज मानकरी तंबूत बसतो आणि जाणती माणसे एकेक करून येऊन त्याला चार हिताच्या गोष्टी सांगतात. मग भर दरबारात त्याचे नाव पुकारले जाते आणि एखाद्या हौशी लेखनिकाने आठवडेच्या आठवडे खपून हाताने रंगवलेले मानपत्र त्याला मिळते.

मात्र या व्यवस्थेत एक उणीव आहे. ‘अवॉर्ड ऑफ आर्म्स’ या पहिल्या पायरीच्या सन्मानासाठी कोणीही सदस्य राजाराणीकडे कोणाचीही शिफारस लिहू शकतो. पण कोणीतरी ती लिहावी लागते. मोठ्या संघांत तर आधीचे सभासद आपसांत विचार करून राजाराणीला सल्ला देतात. त्यामुळे जो चारचौघांत वावरतो तो चटकन दिसतो. जो मुदपाकखान्यातच राबतो तो वर्षानुवर्षे नजरेआड राहतो. आपल्यामागून आलेल्यांची नावे पुकारली जाताना त्याच्या मनाला काय वाटत असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल.

या उणिवेवर नियमाने पुरता इलाज होत नाही. म्हणून अनुभवी सदस्य नवख्यांना सांगतात की आपल्याला मान का मिळाला नाही हे विचारण्यापूर्वी, ज्याला तो मिळायला हवा त्याच्यासाठी एक पत्र लिहा. गार्टरच्या सव्वीस जणांना ओळख त्यांच्या कुळाने दिली होती. या खेळातल्या राज्यात ती शेजाऱ्याने द्यायची असते, आणि त्यासाठी आधी त्याने शेजाऱ्याच्या हातांकडे पाहिलेले असावे लागते.