सूर्यफुलाचं तेल आणि राखून ठेवलेलं बी

आता आपण वळू या दक्षिण रशियातल्या क्रास्नोदारकडे. १९१२ च्या सुमारास वासिली पुस्तोवोइत तिथे सूर्यफुलावर काम सुरू करतात, तेव्हा बियांत तेल होतं साधारण एक तृतीयांश. शेतकऱ्यांच्या वाणांत विविधता मात्र भरपूर. कुठलं बी जाड टरफलाचं, कुठलं पातळ. मग चांगली फुलं निवडायची आणि पेरायची, एवढंच ना? गोम इथेच आहे.

सूर्यफूल परपरागी. मधमाशी पराग कुठून आणेल, सांगता येत नाही. म्हणजे आई माहीत, बाप अज्ञात. शिवाय एखादं फूल भरघोस दिसतं, कारण त्याला मोकळी जागा मिळाली, ओल जास्त मिळाली. असं भरघोसपण पुढच्या पिढीत उतरत नाही. दिसणाऱ्या फरकांपैकी वारशाने आलेला हिस्सा किती, यालाच आपण आनुवंशिकता म्हणतो. तेलाच्या टक्केवारीत हा हिस्सा बऱ्यापैकी मोठा असतो, एकरी उत्पादनात सहसा त्याहून कमी.

पुस्तोवोइत यांनी केलं काय? निवडलेल्या प्रत्येक फुलाच्या बियांतला एक भाग पेरला, शेजारी तुलनेला ठरलेला वाण ठेवला, आणि दोन वर्षं तपासलं. उरलेलं बी राखून ठेवलं. ज्यांची लेकरं खरोखर सरस निघाली, त्यांचंच राखीव बी मग इतर सूर्यफुलांपासून दूर पेरलं, म्हणजे परागीभवन त्यांच्या आपसातच होणार. निकाल आईच्या रूपावरून नाही, लेकरांवरून! हे चक्र त्यांनी दशकानुदशकं चालवलं. तेही कुठे? ज्या देशात पुढे मेंडेलचं नाव घेणं धोक्याचं झालं, आणि वाविलोव १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात वारले, तिथे.

तेल अखेर ५० टक्क्यांवर गेलं. पण या आकड्याने आपण भुलायचं नाही. गरातलं तेल वाढलं हे खरं, पण वाढीचा मोठा वाटा टरफल पातळ झाल्याचा होता. आणि टरफल किती पातळ होणार? दाण्याला काही तरी अंगरखा लागतोच.

त्यांचा ‘पेरेदोविक’ वाण १९६९ मध्ये भारतातही आला. लातूर-सोलापूरकडच्या सूर्यफुलाच्या कहाणीची सुरुवात या रशियन वाणांपासूनच होते. रोगांशी झुंजायचे गुण मात्र या घरच्या विविधतेत पुरेसे नव्हते. त्यासाठी पुस्तोवोइत यांची कन्या गालिना यांना अमेरिकेतल्या रानटी भाऊबंदांशी संकर करावा लागला.